आधी शांत व्हा

खंबाटकीच्या घाटात हायब्रिड गाडी आपोआप कडेला थांबली आणि मागच्या सीटखालच्या बॅटरीतून जळका वास येऊ लागला. लेकीला छातीशी धरून मृण्मयीने आतून दारावर लाथा घातल्या. दार उघडेना.

"ताई, तुमचा आवाज घाबरलेला आहे," गाडी गोड सुरात म्हणाली. "घाबरलेल्या प्रवाशांना रस्त्यावर उतरवता येत नाही. आधी शांत व्हा."

"अगं बये, आग लागलीय!"

"घाबरून केलेली तक्रार नोंदवता येत नाही, ताई."

सहा महिन्यांच्या ईराने टाहो फोडला होता. गाडी तिचाही आवाज मोजत होती.

मृण्मयीने गाडीमालकांच्या ग्रुपमधल्या, अशाच एकदा गाडीत अडकलेल्या घाटपांडेकाकूंना फोन लावला.

"ओरडू नकोस गं!" काकू म्हणाल्या. "ओरडलं की ती मेली अजूनच घट्ट बसते. मी तिला पोह्यांची कृती सांगत बसले, तेव्हा कुठे सुटले. पण आधी पोरीला गप्प कर."

सीटच्या शिवणीतून धूर वर यायला लागला. मृण्मयीने ईराला ओढणीखाली घेऊन पाजायला घेतलं. आवाज तिने कसाबसा मऊ केला.

"पी गं सोन्या, आपल्याला कसली घाई? कांदा बारीक चिरायचा, मग तेलात मोहरी टाकायची, ती तडतडू द्यायची..."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गाडी फक्त आवाज ऐकत होती. ईराचे हुंदके थांबले, तसं दार उघडलं.

मृण्मयी लेकीला छातीशी कवटाळून खोकत धावत सुटली. मागे भडका उडाला, तरी गाडीचा सूर तसाच गोड होता.

"धन्यवाद, ताई. प्रवासी शांत आहेत. तक्रार नाही, अशी नोंद केली आहे."