घरमालकीण
रामटेकच्या गडाखालचं इंदूबाईंचं घर पर्यटकांना दिवसाच्या भाड्यानं द्यायचं आणि आईला पुण्याला न्यायचं, हे मोहितनं परस्पर ठरवून टाकलं. इंदूबाई पाटा तेवढा शेजारच्या दीपमालाला देऊन आल्या. सकाळी बॅग उचलताना मोहित करवादला, “दगड भरले का वं, आई?” तेवढ्यात होमस्टेच्या परवान्यासाठी घर तपासायला साहेब आले. खोल्या पाहून त्यांनी विचारलं, “इथं राहते कोण?” “कोणीच नाही. आईले मी पुण्याले नेऊन राहिलो.” साहेबांनी फाईल मिटली. “घरमालक घरात राहत नसन, तर परवाना भेटत नाही. नियमच आहे.” मोहितचा चेहरा उतरला. “आई, तू राहशीन इथं?” इंदूबाईंनी बॅग उघडली, साड्यांखालून वरवंटा काढला आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली, “दीपमाला, माझा पाटा वापस दे वं! पाहुणे येऊन राहिले.”