अक्काचं कार्ड

भाऊबीजेला विमलअक्का आली, तेव्हा उल्हास संगणकाचं झाकण बसवत होता. वर्षापूर्वीच्या अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अक्काचं बोलणं जड झालं होतं. खुर्चीत टेकून ती काहीतरी म्हणाली. उल्हासला ते कळलं नाही, पण संगणकाला कळलं. संगणकानं खोलीतला पंखा लावला आणि तो बोलू लागला.

"अक्का, दोन महिन्यांनी आवाज ऐकला तुमचा. जिभेचा व्यायाम घ्यायचा?"

उल्हासच्या हातातला स्क्रू खाली पडला. गणपतीत तो अक्काच्या संगणकातली धूळ काढायला गेला होता. तेव्हा त्यातलं चांगलं मेमरी कार्ड काढून त्यानं आपलं जुनं तिथे बसवलं होतं. अक्काला काय, भजनंच तर ऐकायची असतात, असं त्याला वाटलं होतं. कार्ड आपल्या माणसाचं बोलणं शिकतं, हे त्याला ठाऊक होतं. ते शिकलेलं पुसायचा मात्र त्यानं कंटाळा केला होता.

"माझं... कळतं तुला?" अक्कानं विचारलं.

"पूर्वीइतकंच, अक्का."

"घरचा संगणक म्हणायचा, 'कळलं नाही, पुन्हा बोला.' वाटलं... मीच बिघडले. बोलणंच सोडलं मी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायला लागली. "उल्हास, अरे, बरी आहे मी!"

"अक्का, ते कार्ड तुझं आहे. मीच काढलं होतं."

"समजलं रे ते. तू थांब जरा, मला बोलू दे."

ती संगणकाशी बोलत राहिली. उल्हास मान खाली घालून ऐकत राहिला.