निरोगी रक्ताचा नमुना

एका थेंबावरून हार्ट अटॅक ओळखणारा सेन्सर सरांच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता. चाचणीला निरोगी माणसाचं रक्त लागलं की सर स्वतःचंच बोट पुढे करायचे. रोज पोहणारा माणूस, नको म्हणायची कुणाची टाप?

पाहुण्यांसमोरच्या प्रात्यक्षिकाआधी सरांचा थेंब पट्टीवर पडला आणि स्क्रीन लाल झाली. विद्यार्थिनीने पट्टी बदलली. पुन्हा लाल.

"सर, तुमचा एकदा ईसीजी काढायचा का?"

"माझा कशाला? तुझ्या डोक्याचा काढ!" छाती चोळत सर कडाडले. "आधीच सकाळपासून ॲसिडिटी, त्यात तुझं हे यंत्र! माझं रक्त म्हणजे नॉर्मल. तेच शून्य धर आणि यंत्र सेट कर."

तिने तसं केलं. स्क्रीन हिरवी झाली, पाहुणे खूश झाले, आणि आभार मानता मानता सर खुर्चीतून खाली घसरले.

ॲम्ब्युलन्समध्ये सेन्सर तिच्या हातातच राहिला होता. सरांनी बोट पुढे केलं. तिने थेंब घेतला. स्क्रीन हिरवीगार.

 

ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून सर कसेबसे म्हणाले, "बघ! सांगत नव्हतो, ॲसिडिटी आहे म्हणून?"