आडोसा

गेल्या वर्षी ओसाकातल्या मॅरेथॉनमध्ये नंदिनीच्या पोटरीत गोळा आला आणि तिला सावरण्यात प्रतापची स्वतःची जुनी वेळ मोडायची संधी हुकली. हे त्याने तिला वर्षभर जेवताना ऐकवलं. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "यंदा कोणी कोणासाठी थांबायचं नाही. मग तर झालं?"

यंदा ती सुरुवातीलाच पुढे निघून गेली. शेवटच्या टप्प्यात प्रतापला रस्त्याच्या कडेला निळ्या चादरी उभ्या धरलेले स्वयंसेवक दिसले. इथे कोणी कोसळलं की लोक घोळका करून बघत बसत नाहीत, आडोसा धरतात. जपानी माणसाची ही सभ्यता प्रतापला फार आवडायची. त्यानेही सभ्यपणे मान वळवली आणि वेग वाढवला.

जुनी वेळ चांगली सात मिनिटांनी मोडली. मेडल गळ्यात पडताच त्याने नंदिनीला फोन लावला आणि तो उचलला जाताच म्हणाला, "बघ, कोणासाठी थांबलं नाही की असं जमतं!"

पलीकडून एका पुरुषाने अत्यंत नम्र जपानीत आधी माफी मागितली. मग विचारलं,



"आपण या बाईंचे कोण?"