निळा रकाना

तिसऱ्या कोंबडीने बोटाला चोच मारली तेव्हाच तिला नापास करावं असं त्यांना वाटलं. पण नियम म्हणजे नियम. तिला काखेत दाबून, शेपटी वर करून, अंडं जिथून येतं तिथे त्यांनी निळ्या रंगाचं बोट फिरवलं.

"काय चाललंय?" मागच्या दारातून बायकोने विचारलं.

"औषध लावतोय. किडे होऊ नयेत म्हणून."

औषध कसलं, खायचे रंग होते. पाच कोंबड्या, पाच रंग. अंडं बाहेर पडताना रंगाचा ओरखडा घेऊन येतं. मग कोणती घालते आणि कोणती नुसतीच खाते ते आपोआप कळतं. लेक सोमवारी एक तरणी कोंबडी पाठवणार होती आणि खुराड्यात जागा पाचांचीच होती. एकीला जावं लागणार होतं. कोणती, ते आठ दिवसांत ठरायचं होतं.

बायकोला हे सांगण्यात अर्थ नव्हता. ठकीचा प्रश्न आला की ती लबाडी करणार, याबद्दल त्यांची खात्री होती.

ठकी म्हणजे ही निळीच. पाठ उघडी पडलेली, तुरा एका अंगाला कललेला, पाय पांढरेफटक. पिल्लू असताना तिला मांजराने धरलं होतं. बायकोने ती सोडवून आणली आणि स्वयंपाकघरात खोक्यात ठेवून वाढवली. लेकीचं लग्न त्याच वर्षी झालं होतं, कारखान्यात त्यांची पाळी रात्रीची असायची, आणि घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं. बायको ठकीशी बोलायची. अजूनही बोलायची. पहाटे साडेपाचला खुराडं उघडायला जायची ती बराच वेळ तिथेच पायरीवर बसून राहायची.

बाटल्यांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या आणि ते तडकलेली तेवढी उचलून टाकायचे. निवृत्त झाल्यापासून उचलून टाकण्यासारखं काही हाताला लागत नव्हतं. आता लागलं.

सातला ते उठायचे. टेबलावर चहा आणि बशीत उकडलेलं अंडं तयार असायचं, सोलून, चार फोडी करून, वर मीठ-मिरी. नोकरीत होते तेव्हा सोलायला वेळ नसायचा, म्हणून बायको सोलून द्यायची. नोकरी संपली, लाड चालू राहिले. घरात अंडं खाणारे ते एकटेच; बाकीची शेजारीपाजारी जायची. टरफलं ती खिडकीतल्या डब्यात टाकायची. डबा भरला की कुटून कोंबड्यांनाच घालायची.

अंडं खाऊन, मिशी पुसून, ते वही घेऊन खुराड्याकडे जायचे. आठला एक फेरी, बाराला एक, चारला एक. पहिल्या दिवशी लाल आणि हिरवं आलं. दुसऱ्या दिवशी लाल, केशरी, जांभळं. निळ्या रकान्यात शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य.

"तुमच्या औषधाचा डाग लागतो अंड्यांना," बायको म्हणाली. "धुतलं तरी जात नाही."

"लागू दे. विष नाही ते."

पाचव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "तुझी ठकी बसून खाते बघ."

"तुम्हाला काय ठाऊक तिचं?"

"आणि तुला ठाऊक आहे?"

"राबणारीच्या अंगावर पिसं टिकत नाहीत." ती कांदा चिरत होती, मान वर न करता म्हणाली. "पायांचा पिवळेपणाही अंड्यात जातो."

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

तिने दुसरा कांदा घेतला. आपण बरोबर नस पकडली असं त्यांना वाटलं.

रविवारी बायको बहिणीला बघायला दवाखान्यात गेली. ती वळणावर दिसेनाशी होताच त्यांनी कोंबडीवाल्याला फोन केला. त्याने ठकीला उलटी धरली, पोटाखाली बोटं घातली आणि तो थबकला.

"काका, हाडांमध्ये तीन बोटं जागा आहे. ही घालणारी आहे."

"आठ दिवसांत एक नाही घातलं."

"हाताला तर वेगळंच सांगते."

"तुझा हात की माझी वही?"

कोंबडीवाल्याने खांदे उडवले. ठकी फडफडली नाही. माणसाच्या हातांची तिला सवय होती, त्यामुळे पोत्यातही ती निमूट गेली. ते क्षणभर पोत्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वहीत निळ्या रकान्यावर काट मारली.

संध्याकाळी बायको आली ती सरळ मागच्या दारी गेली. बऱ्याच वेळाने आत आली.

"ठकी?"

"दिली." त्यांनी वही उघडून समोर ठेवली आणि रंगांची सगळी युक्ती तिला समजावली. जरा अभिमानानेच. "पुरावा आहे. उगाच नाही दिली."

तिने निळा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. आठही शून्यांवरून बोट फिरवलं.

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तू काहीतरी लपवलं असतंस."

त्या रात्री ती जेवली नाही. दोन दिवस रडेल, मग नव्या कोंबडीत रमेल, असं त्यांनी धरलं.

सकाळी सातला ते टेबलाशी बसले. नव्या कोंबडीसाठी वहीचं कोरं पान उघडलेलंच होतं. चहा होता. बशीत नुसतं मीठ-मिरी होतं.

"आज अंडं नाही?"

बायकोने खिडकीतला डबा आणला आणि त्या कोऱ्या पानावर उपडा केला. आठ दिवसांची टरफलं होती, आणि एकूणएक निळ्या ओरखड्याची.