लाल दिवा लागला की

पडद्यावर खून पडून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच नानांनी माईचा हात ओढला.

"चल, घरी जाऊ."

"आत्ता? अजून खुनी कुठे सापडलाय?"

"वॉचमन आहे खुनी. झालं समाधान? चल आता."

मागच्या रांगेतून कुणीतरी "शूऽऽ" केलं. माईने हात सोडवून घेतला आणि खुर्चीत आणखी ऐसपैस बसली. आज काही झालं तरी ती उठणार नव्हती.

लेकीने दोघांना हौसेने आणलं होतं. फिल्म क्लबात रविवारी दुपारी जुने, पडेल सिनेमे दाखवायचे आणि आजचा होता रेडिओ केंद्रातल्या खुनाचा. बाबांचा जन्म रेडिओवर निवेदन करण्यात गेला, त्यांना मजा वाटेल, एवढाच तिचा हिशेब. पण सुरुवातीच्या नावांत अगदी शेवटी "प्रेत" असं आलं आणि त्यापुढे चक्क नानांचं नाव!

"अगं बाई! इतकी वर्षं संसार केला आणि तुम्ही प्रेत होतात हे मला आज कळतंय?" माई म्हणाली होती, तेव्हाच अर्धं सभागृह हसलं होतं.

सिनेमा अगदीच फाटक्या खिशाचा. दार आपटलं की स्टुडिओची भिंत थरथरायची. मघाचा वॉचमनच मिशी काढून डॉक्टर होऊन आला. फोन उचलल्यावरही वाजतच राहिला. प्रेतासाठी वेगळा नट कुठून आणायचा, म्हणून केंद्रातल्या खऱ्या निवेदकालाच मायक्रोफोनपुढे आडवं केलेलं. टेबलावर गाल टेकून पडलेले तरणेबांड नाना, भांग जागच्या जागी. मेलेले असले तरी माईला भारी देखणे वाटले.

माईने हा माणूस पसंत केला तो आवाज ऐकून. रोज सकाळी रेडिओवर नुसतं "नमस्कार" म्हणायचा, पण त्यात असं काही हसू असायचं की हिच्या हातातलं काम थांबायचं. लग्न झालं, आवाज घरी आला, हसू काही आलं नाही. चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. लग्नाच्या फोटोतही तोच. तसा माणूस लाखात एक, कधी आवाज चढवला नाही, पण ते हसू ठेवलंय कुठे, हे माईला आजवर कळलं नव्हतं. सकाळी कामावर गेला की रेडिओतून पुन्हा तेच हसू ऐकू यायचं. तिला आपल्याच नवऱ्याच्या मायक्रोफोनचा हेवा वाटायचा.

"पुढे माझी फजिती आहे गं," नाना कानाशी लागले. आवाज रडकुंडीला आलेला. "अख्खं गाव हसलं होतं मला. ऐक माझं, ऊठ."

"अख्ख्या गावाने पाहिलं, मग मीच काय घोडं मारलंय?"

पडद्यावर गुप्तहेर आला. त्याने कोटाची कॉलर वर केली, प्रेताकडे पाहिलं आणि ओरडला, "कुणीही हलू नका! प्रक्षेपण सुरू करा. खुनी स्वतःच बोलेल!"

स्टुडिओच्या दारावरचा दिवा पेटला.

आणि प्रेत हसलं.

डोळे मिटलेले, मान लुळी, पण ओठ असे प्रसन्न फाकले, जणू आता "नमस्कार" म्हणणार. सभागृह फुटलं. लोक खुर्च्या बडवायला लागले. "पुन्हा! पुन्हा लावा!" असा गिल्ला झाला. नानांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"दिवा लाल होता, मिटल्या पापण्यांतूनही कळला," ते बोटांच्या फटीतून म्हणाले. "लाल दिवा लागला की आधी हसायचं, मग बोलायचं. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ऐकणाऱ्याला तोंड दिसत नाही, पण हसू ऐकू जातं. सवयच पडली गं. मेलोय हे विसरलोच."

"मग परत का नाही घेतलं ते?"

"रीळ संपलं होतं. नंतर रस्त्याने निघालो की पोरं ओरडायची, 'हसरं प्रेत आलं!' तेव्हा ठरवलं, स्टुडिओबाहेर हसायचंच नाही."

ऑपरेटरने खरंच तो तुकडा पुन्हा लावला होता. दिवा पेटला, प्रेत हसलं. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या पिटत होते आणि त्यांत सगळ्यांत मोठी टाळी माईची होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पुसायला हात रिकामे कुठे होते?

"असं हसता होय तुम्ही!" ती म्हणाली. "मेल्या माणसा, एवढं सोन्यासारखं हसू, आणि मला उपाशी ठेवलंत?"

बाहेर आले तेव्हा लख्ख ऊन होतं. चौकात पोचले आणि सिग्नल लाल झाला. लेक थांबली, नाना थांबले. माई रस्त्याकडे पाठ करून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"हा तो दिवा नाही," नाना गुरगुरले.

"लाल तर आहे ना?"

नानांनी कपाळाला आठ्या घातल्या. आठ्या तशाच राहिल्या, पण ओठांचा एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि भर चौकात, भर उन्हात ते "नमस्कार"मधलं हसू माईच्या समोर येऊन उभं राहिलं.

सिग्नल हिरवा झाला. लेक दोन पावलं गेली आणि वळली.

"आई, चल ना!"

"तू हो पुढे," माई जागची न हलता म्हणाली. "आम्ही अजून एक लाल बघून येतो."