चौकटीतला आदेश

पोटरीवर रुमाल दाबत औषध निरीक्षक वझरकर लंगडत मेडिकलमध्ये शिरले. "कुत्रं चावलं. रेबीजची लस टोचा, पटकन!"

"आधी नळाखाली साबणानं जखम धुवा. त्याला अजून मनाई नाही," फार्मासिस्ट इंदुताई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. गेल्या महिन्यात एका म्हातारीला चिठ्ठीशिवाय लस टोचली म्हणून वझरकरांनीच दुकानाला आठ दिवस टाळं ठोकलं होतं. पुन्हा टोचलंत तर परवाना रद्द, असा त्यांचाच आदेश त्या चौकटीत होता.

"अहो, मी साहेब आहे!"

"आणि ती म्हातारी माझी सख्खी मावशी होती."

तासभर डॉक्टरांच्या रांगेत उभे राहून वझरकर चिठ्ठी नाचवत परतले आणि बाही वर करून बसले. इंदुताईंनी लसीची कुपी बर्फाच्या पिशवीत घालून त्यांच्या हातात दिली. "टोचणार डॉक्टरच. चौकटीतलं कलम दोन."

"पुन्हा तिकडे? कोणत्या शहाण्यानं लिहिलंय हे?"

इंदुताईंनी पदरानं चौकटीची काच पुसली. खाली वझरकरांची सही लखलखली. "पळा साहेब, बर्फ वितळतोय."